चार इंचांची फुली

पाइप दिसला, आणि ती जागच्या जागी थबकली.

काता नुकताच संपला होता. टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांसमोर, श्वास हळूहळू खाली बसत चाललेला. समोर दिसत नसलेल्या माणसांशी ठरलेल्या क्रमानं लढायचं, वार अडवायचे, वार करायचे, वळायचं, असा हा कराटेतला पासष्ट हालचालींचा धडा ती बेचाळीस वर्षं गिरवत होती. त्यातला एक नियम तिला पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला होता. जिथून निघालो तिथंच परत यायचं. त्यासाठी हॉलच्या सिमेंटच्या जमिनीवर मधोमध पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. तिनं खाली पाहिलं. टाचा फुलीवरच होत्या.

मग पाइप का दिसत होता?

फुलीवर उभं राहिलं की खिडकीच्या तिसऱ्या गजाआड समोरच्या गच्चीवरच्या टाकीचा पाइप बरोब्बर लपायचा. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. आज तो पाइप गजाच्या बाजूनं डोकावत होता, उशिरा आलेल्या माणसानं दारातून आत पाहावं तसा. फुली म्हणत होती, बरोबर आलीस. पाइप म्हणत होता, नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं.

कामावर जाताना तिनं वाट वाकडी केली आणि समोरच्या इमारतीखाली मान वर करून उभी राहिली. पाइपाच्या पट्ट्या गंजून भिंतीशी एकजीव झाल्या होत्या. त्या कुणी हलवल्या असतील असं वाटेना. मग राहिली फुली.

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होती. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे कपडे. ऐंशी थर कापड एकावर एक अंथरायचं, वर खडूनं बेतायचं आणि एकदाच कापायचं; चुकलं तर ऐंशी जण चुकीच्या बाह्या घालून फिरणार. त्यामुळे ती कुणावर विसंबत नसे. थर दुसऱ्यानं मोजले तरी पुन्हा मोजायची. कात्रीला धार लावून आणली की आधी चिंधीवर तपासायची. कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

घरी नवरा होता. विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, दिवसभर शब्दकोडी सोडवणारा. संध्याकाळी तिनं पाइपाचं सांगितलं तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"मग गुन्हा कुणावर दाखल केलास? पाइपावर की गजावर?"

"थट्टा नको. रविवारी परीक्षक येणार आहेत."

"माहीत आहे. पंधरा दिवस झाले, या घरात आमटीतसुद्धा परीक्षक तरंगतायत."

हॉलवर ती मुलांचा कराटेचा क्लास घ्यायची, आणि कराटे संघटनेचं पत्र आलं होतं. साठी ओलांडलेल्या शिक्षकांनी परीक्षकांसमोर काता करून दाखवायचा. जमला, तर मुलांच्या पट्ट्यांच्या परीक्षा घेण्याचा अधिकार राहील. नाही जमला, तर तो क्लासमधल्या दुसऱ्या काळ्या पट्ट्याकडे जाईल. क्लासमध्ये दुसरा काळा पट्टा एकच होता: तिची भाची, बहिणीची मुलगी, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. आणि गेला दीड महिना दर शनिवारी दुपारी हॉल धुऊन नवी फुली चिकटवण्याचं काम भाचीनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

आपण होऊन. हे दोन शब्द तिच्या मनात खड्यासारखे टोचत राहिले. फरशी धुवायला आपण होऊन कोण पुढं येतं?

बुधवारी सकाळी ती हॉलवर टेप घेऊन गेली. गुडघे टेकून फुली मोजली. तिचा पहिला गुरू, अग्निशमन दलातला एक अबोल माणूस, कोळशानं चार इंचांची फुली काढायचा आणि म्हणायचा, याहून मोठी काढली तर तो पाट झाला, जेवायला बसा. तेव्हापासून फुली चार इंचांचीच. टेपवर आकडा आला सव्वादहा.

तिनं टेप उलटी करून पुन्हा मोजलं. सव्वादहाच.

मग तिनं खिशातला खडू काढला. डाव्या टाचेच्या कडेला बारीक रेघ ओढली, काता केला, शेवटी पुन्हा रेघ ओढली. दोन रेघांमध्ये पाच इंच होते, डावीकडे. चार इंचांच्या फुलीवरून ती केव्हाच बाहेर पडली असती. या फुलीनं तिला अलगद झेललं होतं. किती दिवस, कोण जाणे. नजर नेहमी समोर ठेवायची हाही नियमच. खाली बघायचं ते फक्त शेवटी, एकदा, पायाखाली पांढरं आहे ना एवढ्यापुरतं.

तिनं ओल्या बोटानं दोन्ही रेघा पुसल्या. कुणाला कळायला नको होतं, की तिला कळलंय.

तीन दिवस ती भाचीकडे नुसती बघत राहिली. भाची मुलांना ठोसा शिकवत होती, "कोपर बरगडीला घासू दे रे, कोपराला काय गुदगुल्या होतात?" आणि मुलं हसत होती. ती हसली नाही. ही मुलं आपल्यासमोर इतकी मोकळी हसतात का, हे तिनं आठवून पाहिलं. क्लास सुटल्यावर भाचीनं विचारलं, "मावशी, रविवारी तुझा पांढरा गणवेश मी इस्त्री करून आणू?"

"का?"

"का म्हणजे काय? चुरगळलेला घालणार आहेस?"

"माझी इस्त्री मला करता येते."

भाचीनं खांदे उडवले. त्या खांदे उडवण्यातही तिला काहीतरी दिसलं. सगळं जुळत होतं, दोन तुकडे शिवणीवर जुळावेत तसं. मोठ्या फुलीवर मावशीला गाफील ठेवायचं, आणि रविवारी परीक्षकांपुढे नियमाप्रमाणे चार इंचांची चिकटवायची. मावशी पाच इंच बाहेर. क्लास आपला. या मुलीला सातव्या वर्षी तिनंच हाताला धरून हॉलवर आणलं होतं. सैल विजार सारखी घसरायची म्हणून नाडीला दोन गाठी मारून दिल्या होत्या.

शनिवारी ती कारखान्यातून अर्धा दिवस आधी निघाली. हॉलच्या जिन्यात, जाळीमागे, चपला हातात घेऊन उभी राहिली. आपण या वयात असं उभं राहावं याची तिला लाज वाटली, पण पाय हलले नाहीत.

भाचीनं जमीन धुतली. वाळल्यावर जुनी फुली ओढून काढली. मग बराच वेळ नखानं जमीन खरवडत बसली, स्वतःशी पुटपुटली, बोट तोंडात घातलं. शेवटी चिकटपट्टीचा लांब तुकडा कापला, जमिनीवर धरून पाहिला, आणि पुरत नाही म्हणून टाकून त्याहून लांब कापला.

"किती इंच कापलास?"

भाचीच्या हातातली कात्री जमिनीवर आदळली. "मावशी! अगं, जीव गेला असता माझा. मांजरीसारखी काय येतेस?"

"किती इंच?"

"मोजला नाही. जुनीएवढा. किंचित जास्त."

"जास्त का?"

"हे बघ ना." भाचीनं जमिनीकडे बोट दाखवलं. जुन्या फुलीच्या जागी गोंदाचा थर राहिला होता, आणि त्याच्या कडेनं धुळीची काळी किनार. "निघतच नाही. किती घासायचं? दवाखान्यात डॉक्टर विचारतात, नखं कुणी खाल्ली तुझी. म्हणून टोकाला थोडी वाढवते, काळं झाकायला. पुढच्या वेळी तिचाही गोंद राहतो. मग आणखी थोडी."

ती खाली वाकली. काळ्या किनारी एकीबाहेर एक होत्या, ओंडका कापल्यावर दिसणाऱ्या कड्यांसारख्या. तिनं मोजल्या. सहा. सगळ्यात आतली कड चार इंचांची होती.

म्हणजे कट नव्हता. नुसता गोंद होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण पाच इंच तसेच उरले होते आणि आता त्यांना दुसरा कुणी धनी नव्हता.

"आणि माझ्या टाचा कुठं पडतात, ते दिसलं नाही तुला?" तिनं विचारलं.

भाचीनं कात्री उचलली. मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"दिसलं."

"केव्हापासून?"

"तीन महिने झाले असतील. तिसऱ्या वळणाला तुझी डावी टाच मागं राहते. कंबर वळते, पाय येत नाही. पाऊल आखूड पडतं, आणि तिथून पुढचं सगळं सरकतं."

"तीन महिने बघतेस आणि तोंडातून शब्द नाही?"

"सांगून काय झालं असतं?" भाचीचा आवाज चढला, आणि हॉल रिकामा असल्यामुळे तो भिंतींवर आपटून परत आला. "तू म्हणाली असतीस, हिला क्लास हवाय. परवा इस्त्रीचं विचारलं, तर असं बघितलंस, जणू मी तुझा गणवेश विकायला नेतेय."

हे वाक्य तिच्या तोंडात खरोखरच तयार होतं. हिला क्लास हवाय. तिनं ते गिळलं. तरी एक शंका राहिलीच: गोंदाची गोष्ट खरी, पण शनिवारचं काम आपण होऊन का? ती विचारून टाकली.

"कारण तू वाकून घासायला बसलीस की उठताना डावा हात जमिनीला टेकतेस," भाची म्हणाली. "आणि मुलं बघत असतात."

तिनं पिशवीतून रॉकेलची बाटली काढली, मशिनीचं तेल पुसायला ती जवळ असायचीच, आणि चिंधीचे दोन तुकडे केले. एक भाचीकडे टाकला. दोघींनी समोरासमोर बसून सहाही कडा घासून काढल्या. मग तिनं स्वतःच्या कात्रीनं चार इंचांचे दोन तुकडे कापले. उठताना डावा हात जमिनीला टेकला. भाची खिडकीकडे बघत होती.

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी आंघोळ करताना एक युक्ती सुचली, आणि सुचली याचाच तिला राग आला. तिसऱ्या वळणानंतर उजवं पाऊलही मुद्दाम आखूड टाकायचं. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील. परीक्षकांना कळणारही नाही.

परीक्षक सत्तरीचे होते, गोलसर, सतत पेन्सिल कानामागे खोचणारे. भिंतीशी खुर्चीत बसले. भाची खिडकीजवळ उभी राहिली. तिथं उभी राहा आणि टाचेकडे बघ, असं तिनंच तिला बजावलं होतं.

ती फुलीवर उभी राहिली. पाइप गजाआड गेला. वाकून नमस्कार केला आणि निघाली.

पहिलं वळण. दुसरं. बेचाळीस वर्षांत हा काता करताना तिनं नेहमी समोरच्या न दिसणाऱ्या माणसावर लक्ष ठेवलं होतं; तो केव्हा वार करील याचा भरवसा नसतो. आज तिनं पाळत ठेवली स्वतःच्या डाव्या पायावर. तिसरं वळण आलं. कंबर वळली. टाच मागं राहू पाहत होती, तिला ते स्पष्ट जाणवलं, आणि तिनं ती ओढून आणली, मांडीत कळ उठली तरी. उजवं पाऊल पूर्ण टाकलं. एकही पाऊल चोरलं नाही. शेवटचा वार, आरोळी, आणि टाचा जुळल्या.

पाइप दिसत होता. पातळ, धाग्याएवढा.

पेन्सिल कागदावर टेकायच्या आत ती म्हणाली, "दोन इंच डावीकडे. तेवढं लिहा."

परीक्षक उठून आले, वाकून फुली निरखू लागले. "बाई, ही इतकी लहान का?"

"चार इंच. नियम आहे."

"हा नियम पाळणारं कुणीतरी अजून उरलंय म्हणायचं! बाकी सगळ्या हॉलांत ताटाएवढ्या फुल्या असतात. तसा पाऊलभर फरक चालतो."

"केव्हापासून?"

"मी पासष्टीला आलो तेव्हापासून," ते म्हणाले आणि सही करू लागले. "अधिकार एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा बघू. पाय मात्र दाखवून घ्या कुणाला तरी."

तिनं कागद वाचला. सही तपासली. तारीख तपासली. दारापर्यंत पोचवताना ती त्यांच्या पावलांकडे बघत होती. उजवं जरा आखूड पडत होतं.

सोमवारी सकाळी भाची कामावर जायच्या आधी हॉलवर आली. पुढच्या परीक्षा दोघींनी मिळून घ्यायच्या असं रविवारीच ठरलं होतं. भाची खिडकीजवळ थांबली. ती स्वतः फुलीवर उभी राहिली, काता केला आणि शेवटी खाली न बघता विचारलं,

"किती?"

"तीन बोटं. डावीकडे."

"खरं सांगतेस?"

"मोज की," भाची म्हणाली.

तिनं वाकून, डावा हात जमिनीला टेकून, बोटं लावून मोजलं. तीन. पुन्हा एकदा मोजलं.