अनवाणी भूवैज्ञानिक

उदगीरच्या पुढच्या एका गावात बोअरच्या मशीनपुढं बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. मशीन गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, असं गावानं ठरवलं होतं. आणि ती बाहेर न्यावी, हा सल्ला माझा होता.

मी भूवैज्ञानिक. जमिनीखाली पाणी कुठं असेल ते सांगणं हे माझं काम. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला. आमचं ऑफिस भाड्याच्या घरात, आणि साहेबांची केबिन म्हणजे त्या घराचं स्वयंपाकघर. पाऊस लागोपाठ हुकलेला. प्रत्येक गावाला बोअर हवा होता आणि मशीन कमी होत्या.

आमच्याकडं खाली सगळा काळा दगड. पाणी सापडतं ते त्याच्या भेगांत. ते शोधायला रेझिस्टिव्हिटी मीटर वापरतात. जमिनीत सळया ठोकायच्या आणि करंट सोडायचा. कोरडा दगड करंट अडवतो, ओला जाऊ देतो. या गावाचं सगळं शिवार मी मोजलं होतं. कुठंच आशा नव्हती. शेजारच्या गावात ओढ्याकाठी मात्र चांगला पॉइंट होता. तिथं बोअर घ्यावा आणि दोन्ही गावांनी पाणी वापरावं, असं माझं म्हणणं.

सरपंच गुरुलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर विभूती, आवाज कधी चढत नसे. प्यायला पाणी नसलेल्या गावात त्यांनी मला आधी चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मीटरचं खरं असंल साहेब. पण तुमी अजून बूट काढले न्हाईत."

हे बुटांचं प्रकरण सांगायला हवं.

नाशिकहून इकडं आलो तेव्हा मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत असे. गळ्यात भिंग, हातात हातोडी. कुणी चुकून पाणाड्या म्हटलं, म्हणजे नारळ किंवा काठी घेऊन पाणी दाखवणारा, तर मी त्याला उभ्या उभ्या भूगर्भशास्त्र शिकवत असे. तो बिचारा ऐकून घेई. मग औशाजवळच्या एका गावात नव्या बुटांनी माझी टाच सोलली. बूट हातात घेऊन, कळ आली म्हणून डोळे मिटून, मी आदल्या दिवशी मोजलेल्या पॉइंटवर उभा राहिलो आणि म्हणालो, इथं घ्या. पाणी असं उसळलं की मशीन चालवणारे रशीदभाई नखशिखान्त भिजले. मीटर सगळ्या गावानं पाहिलं होतं. लक्षात राहिले ते माझे पाय.

नंतर जाईन तिथं लोक मीटरकडं पाहीनात, बुटांकडं पाहू लागले. सुरुवातीला चिडलो. मग सवय झाली. मग आवडायला लागलं. जीपमधून उतरायच्या आतच मी लेस सैल करायचो. डोळे मिटताना कपाळाला जराशी आठी घालायचो, त्यानं बरं दिसतं. सुट्टीत घरी गेलो तर आई म्हणाली, "हे 'जेवायलोय' काय नवीन?" माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

हे सगळं कुलकर्णी साहेबांच्या कानावर गेलं. "तुम्ही खात्याचे भूवैज्ञानिक आहात की बुवा?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायच्या आधी मी लेस बांधायला वाकलो, हेच वाईट झालं. त्या दिवसापासून फिल्डवर बूट सक्तीचे.

आणि आता अप्पा ते काढा म्हणत होते. माझ्यासोबत आलेले साहेब जीपपाशी उभे राहून पोलीस मागवायची भाषा करत होते. बायांच्या अंगावर पोलीस घालायचे, हे मला पटत नव्हतं. मी अप्पांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की पायांना काही कळत नाही, चालून आलो तरी मी तेच सांगणार.

"व्हय, मला ठावं हाय," अप्पा म्हणाले. "पर मीटर बांधावर ठिवून बघितलं की लोकास्नी वाटतं, सरकारनं लांबून बघितलं. तुमचे पाय भाजले म्हंजे आमच्यासाठी बघितलं."

इतके दिवस मला वाटत होतं की लोक माझ्या अंगातली शक्ती बघतात. ते फक्त माझे फोड बघत होते.

मी साहेबांकडं न पाहता बूट काढले. भर उन्हात शिवार तुडवलं. जमीन तव्यासारखी, त्यात ज्वारीची धसकटं. निम्मं गाव मागून चाललेलं. डोळे मिटायचं नाटक सुचलंच नाही, कारण पुढचं पाऊल कुठं टाकायचं तेवढंच दिसत होतं. लंगडत मशीनपाशी आलो. पुढं बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "न्हाईच का?"

"न्हाई, मावशी. शेजारी हाय. तुमालाबी पुरंल."

तिनं माझे पाय बघितले. मग घागर उचलून उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. रशीदभाईंनी मशीनची गाडी शेजारच्या गावाकडं वळवली.

शेजारच्या गावात पाणी लागलं. धो धो नाही, पण उन्हाळा निघाला. वाटपावरून भांडणं झाली, ती अप्पांनी मिटवली.

साहेबांनी माझ्या पायांवरच्या पट्ट्या पाहिल्या. पुढच्या आठवड्यात निलंग्याकडच्या गावात लोकांनी मशीन अडवली. "तुम्हीच जा," ते म्हणाले आणि फाइलमध्ये मान घालून पुढं म्हणाले, "सँडल घाला. काढायला सोप्या."

आपण कोण, हे मी नाशिकहून ठरवून आलो होतो. पण त्यातला बराचसा भाग लातूरकरांनी मला न विचारता बदलला, आणि मीही फार विरोध केला नाही. रिटायर होऊन आता इथंच राहतो. सोसायटीत मला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही आणि बुवाही नाही. सध्या मी 'गच्चीत तुळस लावणारे आजोबा' आहे. ती तुळस माझ्या बायकोची आहे, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.