बियाण्याचे वाल

लग्न होऊन गागोद्याहून निघाले तेव्हा आई रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "कंपनीच्या गावात कोण कुणाचं नसतं गो. आपलं बघून ऱ्हा." वडखळला गाडी बदलताना रडू येईल वाटलं. नाही आलं. भावांनो, वहिन्यांनो, तुम्हाला वाटत असेल मी रडतच रोह्याला पोचले. तसं काही झालं नाही, आत नुसतं गप्प होतं.

गावी सकाळ व्हायची ती गुरांच्या हंबरण्यानं, इथं कंपनीच्या भोंग्यानं. चाळीत आमच्या शेजारी सुगंधा, खांब गावची. तिच्या माणसाची नि आमच्या यांची शिफ्ट एकच. बोलायला फटकळ, माझ्या भाकरीला हसायची. पुढं एका पावसाळ्यात ती बोलेनाशी झाली. तेलाविना केस, ताटात तसाच भात. बायका म्हणायच्या, "नवरा चांगला, पोरं चांगली, हिला दुखतंय काय?" कारण मलाही आजपर्यंत कळलेलं नाही.

मग एक दिवस तिनं मडकं आणून दिलं. आत राखेत घोळलेले वाल. "शिजव, पोरांना बिरडं घाल."

तुम्ही शेतातली माणसं, तुम्हाला सांगायला नको. भात कापल्यावर पेरायचं बियाणं ते; सुगंधा दर साली गावच्या शेतात पेरायची. खायला काही नसलं तरी बाई त्याला हात लावत नाही.

"पेरायला काय ठेवलंस गो?"

"मला नाय लागायचं."

म्हणजे पुढची पेरणी तिनं धरलीच नव्हती. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी सरळ विचारलं, "सुगंधा, जीव द्यायचं मनात येतंय काय?"

तिनं मडक्याच्या काठावरची राख पुसली. मग ती म्हणाली, "व्हय."

मी तिला देवाची शपथ घातली नाही, पोरांची आठवण दिली नाही. म्हटलं, "बरं झालं बोललीस. आज मी इथंच बसते." तिचा माणूस शिफ्टवरून आला, तेव्हा तिच्यासमोरच त्याला सांगितलं. तो दारातच खाली बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं अलिबागला, मनाच्या डॉक्टरांकडे. चाळीत कुजबुज झाली, "येड लागलं हिला." मी म्हटलं, "ताप आला की जाता ना? तसंच."

औषधानं लगेच उतरलं नाही. मधे पुन्हा ती भिंतीकडं तोंड करून पडायची. आम्ही पाळीपाळीनं सोबत बसायचो, ती बोलली तर ऐकायचं, नाही तर नुसतं बसायचं. हळूहळू कधी बरी झाली, ते आमच्याही लक्षात आलं नाही.

आता हे नाहीत, पोरं लांब. तुम्ही म्हणता, ताई, परत ये, खोली रिकामी आहे. पण सकाळी सुगंधाच्या दाराची कडी वाजली की मगच मी चहाचं आधण ठेवते. उशीर झाला तर भिंतीवर थाप मारते. आतून ती ओरडते, "जिती हाय गो म्हातारे! तोंड तरी धुवू दे."

ते ऐकल्याशिवाय मला कुठंच चहा जायचा नाही. गावीसुद्धा.