क्विकशिफ्टर आणि माझा उजवा हात

मी लातूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो आणि माझं घर नांदेडला आहे. सोमवारी पहाटेच्या बसनं जायचं, शनिवारी संध्याकाळी अहमदपूर, लोहा करत परत यायचं. वय त्रेचाळीस, आणि पोट वयाच्या दोन पावलं पुढं. अशा माणसानं रेसची मोटरसायकल बाळगू नये हे मला कळतं, पण वळत नाही.

गाडी सेकंडहँड. तिला लाइट नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत. रस्त्यावर काढली तर पोलिस धरतील. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा तिला छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत चढवायचं, तेलंगणातल्या एका ट्रॅकवर न्यायचं, दिवसभर गोल गोल फिरवायचं आणि परत आणून अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवायचं. गल्लीत सगळ्यांचा असा समज होता की सरांनी हौसेनं गाडी घेतली खरी, पण सरांना ती चालवता येत नाही. समज अगदीच खोटा होता असंही म्हणवत नाही.

ट्रॅकच्या एका फेरीला मला दोन मिनिटं सहा सेकंद लागायचे. दोन वर्षं तेच. माझ्या मागून आलेली मिसरूड फुटलेली पोरं दोनच्या आत जायची आणि वर मला ‘अंकल, लाइन चांगली आहे तुमची’ म्हणायची. एकदा क्लासमध्ये पोरांना गणित सोडवायला दिलं आणि मी फळ्याच्या कोपऱ्यात माझं गणित मांडलं. एका फेरीत बारा वेळा वरचा गियर टाकावा लागतो. दर वेळी एक्सलेटर सोडा, क्लच दाबा, गियर टाका, क्लच सोडा, परत एक्सलेटर. अर्धा सेकंद तरी जातो. बारा अर्धे सहा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे दोष माझा नव्हताच, क्लचचा होता.

त्यावर औषध म्हणजे क्विकशिफ्टर. गियरच्या दांडीवर बोटाएवढा सेन्सर बसतो. पायाचा जोर लागला की तो इंजिनाची ठिणगी पापणी लवायच्या आत बंद करून चालू करतो, आणि तेवढ्या फटीत गियर सरकतो. क्लचला हात लावायचा नाही, एक्सलेटर सोडायचा नाही, पिळलेला तसाच धरून ठेवायचा.

हे सगळं मी बायकोला वहीवर काढून समजावलं. ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला शिकवते, त्यामुळं समजावायची काही गरज नव्हती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही ट्रॅकवर जाता त्या दिवशी मी दिवसभर फोन हातातून खाली ठेवत नाही. तुम्हाला ते माहीत नाही. आता हे शेवटचं. हे बसवूनही दोनच्या आत आला नाहीत, तर गाडी विकायची. कबूल?”

मी कबूल म्हणालो. माझा फिजिक्सवर विश्वास होता.

मग निवड सुरू झाली. लग्नाच्या वेळी मी एकच मुलगी बघितली होती आणि चहा संपायच्या आत होकार दिला होता. सेन्सर मात्र अकरा बघितले. जाता-येता बसमध्ये मोबाइलवर तेच. एक फक्त वरच्या गियरला चालणारा, एक दोन्हीकडं चालणारा, एक फोनवरून जुळवता येणारा, एक इतका भारी की त्याच्याकडं बघायचीच लाज वाटावी. शेजारच्या सीटवरचे एक काका लोह्यापर्यंत डोकावत राहिले आणि उतरताना म्हणाले, मोटारीचा पार्ट दिसून राहिला, जुन्या बाजारात बघा, निम्म्यात मिळतो. अखेर साधा, फक्त वरच्या गियरचा ठरवला. मागवताना एकच प्रश्न होता: दाबाचा हवा की ओढीचा? म्हणजे वरचा गियर टाकताना दांडी दाबली जाते की ओढली जाते. माझ्या गाडीच्या नावापुढं तक्त्यात ‘दाब’ लिहिलं होतं. मी दाबाचा मागवला.

तो आल्यावर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, वायर कापतो, पिळतो, टेप मारतो, दोन मिनिटांत काम होतंय. बायको दारातच उभी होती. तिनं त्याला चहा दिला, घरच्यांची विचारपूस केली आणि गोडीगोडीनं वाटेला लावलं. मग रविवारी स्वतःच अंगणात पाट घेऊन बसली. टाकी उचलून बाजूला ठेवली, कॉइलची वायर शोधली, प्रत्येक सांध्याला पीळ देऊन वरून डाख दिला, त्यावर रबराची नळी चढवली. गाडी विकायची धमकी दिलेली बाई त्याच गाडीच्या पोटात हात घालून एवढ्या मायेनं काम करते आहे, हे बघून मला भरून आलं. माझ्याकडं टॉर्च धरायचं काम होतं. तेही तीनदा चुकलं.

स्टँडवर गाडी चालू केली, गियर वर टाकला. काहीच झालं नाही. खाली टाकला, तर इंजिनानं मस्त उचकी दिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर जाताना गप्प, खाली येताना उचकी. मी लगेच म्हणालो, तुझी वायर उलटी लागली असेल.

तिनं गियरच्या दांडीवर बोट ठेवलं आणि मला गियर वर टाकायला सांगितलं. दांडी ओढली जात होती. गेल्या वर्षी, मोठे रेसर पाय खाली दाबून गियर वर टाकतात असं कळल्यावर मीच हौसेनं गाडीचे गियर उलटे करून घेतले होते. ते करून घेतले आणि विसरलो. तक्ता सरळ गाडीचा होता, माझी गाडी उलटी. आधी दिशा ठरवा, मग चिन्ह लावा, असं मी वीस वर्षं घसा फोडून सांगतो आणि उणे चिन्ह चुकलं तर पोराला पूर्ण मार्क कापतो. तिनं शांतपणे विचारलं, तुमच्या वर्गात ह्याला किती मार्क देता? मी टॉर्च विझवला.

ओढीचा सेन्सर यायला तीन आठवडे गेले. तो बसला, चालला, आणि आम्ही ट्रॅकवर गेलो. आम्ही म्हणजे ह्या वेळी तीही आली. माझं काम मला डोळ्यांनी बघायचंय, म्हणाली.

पहिल्या खेपेतली सगळ्यात चांगली फेरी दोन मिनिटं सहा. दुसऱ्या खेपेला दोन मिनिटं सात. मी गाडीवरून उतरलो आणि हेल्मेटही न काढता, चार लोकांसमोर तिला म्हणालो की वायर कुठंतरी ढिली झाली आहे. हे आठवलं की आजही कान गरम होतात. ती ट्रॅकवरच्या सरळ रस्त्याच्या कठड्याला टेकून दोन्ही खेपा उन्हात उभी होती. तिनं सीट उघडली, सगळे सांधे हातानं बघितले, गाडी स्टँडवर चढवून एक-एक गियर टाकून दाखवला. सगळे नीट पडले.

“वायरिंगला काही झालं नाही,” ती हळू म्हणाली. “मी ऐकून राहिले होते ना. दर गियरच्या आधी तुमचा एक्सलेटर बंद होतो. आवाज पडतो. मग गियर पडतो. सेन्सर काय करेल?”

मी कारणं काढली. वडिलांनी औशाच्या मैदानात गाडी शिकवताना गियर टाकताना एक्सलेटर सोड म्हणून पाठीत धपाटे घातले होते, ते सांगितलं. आपल्या रस्त्यांवर दर फर्लांगाला गतिरोधक, माणूस पिळलेला एक्सलेटर धरून राहीलच कसा, तेही सांगितलं. तिनं दोन्ही ऐकून घेतलं. मग मी खरं ते सांगितलं. मला भीती वाटते. त्या सरळ रस्त्याच्या टोकाला वळण दिसतं आणि एक्सलेटरवरचा हात आपोआप मिटतो, पीळ सुटतो. दोन वर्षं मी क्लचला शिव्या घालत होतो, आणि क्लच बिचारा काही बोलू शकत नव्हता.

शेवटची खेप राहिली होती. ती म्हणाली, वेळेचं जाऊ द्या. माझं काम चालतं का नाही एवढं तरी कळू द्या. एक गियर. एकच.

चार फेऱ्या मी नेहमीसारख्याच मारल्या, हात मिटत. पाचव्या फेरीला सरळ रस्त्यावर आलो, दात आवळले आणि हात धरून ठेवला. पाय दाबला. फट् असा एक आवाज झाला आणि गाडी न अडखळता पुढं गेली, छातीवर कुणी तळवा ठेवून मागं ढकलावं तसं मला वाटलं. कठड्याजवळ एक आकृती उभी असलेली डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. मला इतकं हसू फुटलं की पुढचं वळण वळायचंच राहिलं. सरळ मातीत गेलो, पडलो नाही, धूळ खात परत ट्रॅकवर आलो.

परत आलो तेव्हा ट्रॅकवाल्यानं वेळेची चिठ्ठी तिच्या हातात दिली होती. त्यातली सगळ्यात चांगली फेरी दोन मिनिटं आठ.

“ऐकलंस?” मी विचारलं.

“ऐकलं. चालतं ते.” तिचे ओठ कोरडे पडले होते.

मी म्हणालो, ठीक आहे, शब्द तो शब्द, विकू. म्हणालो खरं, पण हेल्मेटची काच परत खाली ओढली. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला गाडीसाठी रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

तिनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. नंतर बराच वेळ ती माझ्या उजव्या हाताचा ग्लोव्ह काढत बसली, घामानं तो चिकटला होता.

“विकायची नाही,” ती म्हणाली. “मला इतके दिवस वाटायचं, तुम्ही इकडं येऊन घरदार विसरून चालवता. आज ऐकलं तर दर गियरला तुमचा हात मिटत होता. तो मिटतो तोवर गाडी ठेवा. सेन्सर मी घरी गेल्यावर काढून टाकते.”