सतरा डबे आणि दीड तिकीट

नांदेडहून लातूरला जायला आता एसी ट्रॅव्हल्स घरासमोरून उचलते. तरी मी साध्या लाल गाडीने जायचं ठरवलं आणि घरात माझं हसं झालं. "दुष्काळात कोण फिरायला जातं?" नवरा म्हणाला. मी पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि निघाले. वर्गमैत्रीण सुनंदा चाकूर तालुक्यात नळेगावजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. एक मुक्काम तिच्याकडे, मग लातूर, एवढाच बेत.

सकाळी सातची गाडी धरली. लोह्याला गरम भजी, अहमदपूरला चहा, चाकूरला उतरून नळेगावकडची गाडी. खर्च किरकोळ, धूळ मात्र पोटभर. प्रत्येक फाट्यावर आमच्या पाच मिनिटं पुढे एक काळीपिवळी जीप असायची. आम्ही पोचेपर्यंत फाटा मोकळा! एका जीपच्या मागे 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं रंगवलेलं होतं, आणि त्याच अक्षरांवर पाय देऊन चार जण लटकले होते. तेव्हा मला त्याची गंमत वाटली.

सुनंदाची मुलगी वैष्णवी बारावीला, लातूरला खोली करून राहते. पाण्यावाचून तिथल्या खानावळी बंद पडल्या होत्या. म्हणून सुनंदा रोज सकाळच्या लाल गाडीत ड्रायव्हरकडे डबा देते, सोबत पाण्याची बाटली. रिकामा डबा संध्याकाळी परत. पावती नाही, भाडं नाही. गावातली अशी सतरा लेकरं लातुरात शिकतात.

"परीक्षा महिन्यावर आली गं. ह्या डब्यावरच पोरगी तिथं टिकून हाय," सुनंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "तू काळीपिवळीत बस. अर्धा तास आधी पोचतीस. जीपमधी डब्याला जागा नसती, डबा जाईल लाल गाडीनं." पण मी हट्टी. फाट्यावर थांबले.

आधी जीप आली. शिंपी, दुकानदार, कचेरीत कामाला जाणारे, सुनंदाचा नवरा, सगळे डबे पारावर ठेवून भराभरा जीपमध्ये कोंबले गेले. मग लाल गाडी आली. सुनंदाने आणि दोघी-तिघींनी सगळे डबे आत दिले. मी चढले आणि बघतच राहिले. ड्रायव्हरशेजारी नावं लिहिलेले सतरा डबे ओळीने, आणि अख्ख्या गाडीत मी आणि एक आजी!

कंडक्टरने मला पूर्ण तिकीट दिलं, आजींना अर्धं. "दीड तिकीट," तो म्हणाला. "आज शेवटची फेरी, मॅडम. उद्यापासून बंद."

मी उडालेच. "अहो, आणि हे डबे?"

"डब्याला तिकीट नसतं. डेपोतल्या कागदावर माणसं दिसतात, डबे न्हाई दिसत. रोज पाच-सहा जणं बसली असती तरी फेरी वाचली असती. गावात दोनदा सांगून बघितलं. हसले लोक."

आजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "जिल्हा नवा द्यायलेत म्हनं, अन् हाय ती गाडी न्यायलेत."

मी तिथूनच सुनंदाला फोन लावला. ती माझ्यावरच चिडली. "बंद कशी करतील? आमी रोज डबा टाकतोत की त्या गाडीत!"

तिला मनापासून वाटत होतं की डबा देणं म्हणजेच गाडी चालवणं. "अगं, पण तुम्ही स्वतः बसता कशात?" मी विचारलं.

लातूरच्या स्टँडवर पोरंपोरी आधीच उभी होती. कंडक्टरने एकेक नाव पुकारत डबे दिले आणि शेवटी गाडी बंद होत असल्याचं सांगितलं. वैष्णवीने डबा पोटाशी धरून विचारलं, "काका, मग उद्या?"

"उद्या मी औशाच्या गाडीवर," तो म्हणाला आणि पाठ फिरवून तिकिटाचं मशीन पुसत राहिला.

लातूरची चुरमुऱ्यांची सुशीला चुकवू नका, असं मी एरवी लिहिलं असतं. त्या दिवशी प्लेट समोर होती आणि बाहेर टँकरमागे घागरींची रांग. प्लेट तशीच ठेवून उठले. आणि खरं सांगायचं तर परतीचं तिकीट मी नांदेडहूनच काढून ठेवलं होतं, एसी ट्रॅव्हल्सचं. लाल गाडीची हौस मला जाण्यापुरतीच होती. त्या गार खुर्चीत बसून मी घरी आले. लाज वाटली, पण उतरले नाही.

आठवड्याने सुनंदाचा फोन आला. जीपवाला फुकट डबे घ्यायला तयार नाही. डबा म्हणजे सीट अडते म्हणतो. लाल गाडी बंद होताच त्याने भाडंही वाढवलं. आता बाया मिळून रोज डब्यांसाठी तीन सीटा घेतात. पाण्याच्या बाटल्या बसत नाहीत, त्या राहिल्याच.

"आणि तुझा नवरा?" मी विचारलं.

"ते मागं लटकून जातेत," सुनंदा म्हणाली. "डबे बसून जातेत."