परत न येणारं झाड

वनराणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. नवऱ्यानं चिडवायला ठेवलं आणि तेच चिकटलं. शाळकरी मुलांसाठी व्हिडिओ गेम बनवायचे हा दोघांचा धंदा. मागच्या खोलीत दोघांची टेबलं, पाठीला पाठ लावून. चित्रं, आवाज, खेळाचे नियम तिचे; ते कॉम्प्युटरला समजावायचं काम त्याचं. बाई कामाला वाघीण, पण हट्टी किती म्हणून सांगू!

जंगलतोडीच्या गेममध्ये तिचा एकच हट्ट होता: तोडलेलं झाड परत येणार नाही. रोप लावा, पाणी घाला, खेळ संपेपर्यंत ते गुडघ्याएवढंच राहणार.

"पोरं रडतील गं," नवरा म्हणायचा.

"रडू देत. खरं जंगल गेल्यावर रडण्यापेक्षा बरं."

तो मान डोलवायचा. तिला वाटलं, पटलं.

वर्षभर ती त्या गेमच्या मागे हात धुऊन लागली होती. झाड पडतानाचा आवाज काही मनासारखा होईना. रोज संध्याकाळी आपल्या कॉम्प्युटरवर गेम खेळून बघायची, चुका काढायची. तो निमूट दुरुस्त करायचा. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं ती बहिणीला फोनवर सांगायची. भाग्य कसलं डोंबलाचं!

गेम विकत घेणाऱ्या कंपनीनं तो पहिल्यांदा एका शाळेत दाखवला, तेव्हा दोघं वर्गात मागे उभी होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं कुऱ्हाड चालवली. झाड कोसळलं. वनराणीनं श्वास रोखला, आता पोर गप्प होणार. पोरीनं पडद्याच्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबलं आणि झाड टुणकन उभं!

"बाई, तोडायलाच जास्त मजा येते!" ती शिक्षिकेला ओरडून सांगत होती. मग काय, अख्खा वर्ग तोडत सुटला.

वनराणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

घरी आल्यावर सगळं बाहेर पडलं. कंपनीला रडकी पोरं नको होती. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं बटण केव्हाच बसवलं होतं. तिला कळू नये म्हणून तिच्या कॉम्प्युटरवर त्यानं जुनाच गेम ठेवला होता, आणि तिनं काढलेल्या चुका त्यातच दुरुस्त करत होता. जो गेम कुणी खेळणारच नव्हतं, त्यात!

"केसानं गळा कापलास रे माझा."

"तू ऐकलंच नसतंस. त्यांनी गेम घेतला नसता."

"नसता घेतला! विचारायचं तरी होतंस. रोज इथं माझ्या पाठीला पाठ लावून बसायचास, आणि मी मूर्खासारखी तो आवाज..."

तो जवळ आला. "चुकलो. झालं गेलं विसरून जा ना. पुन्हा पहिल्यासारखं होऊ."

"ते तुझ्या गेममध्ये होतं," ती म्हणाली. "माझ्यात बटण नव्हतं."

ती आपलं टेबल दाराकडे ओढू लागली. जड होतं. तो दुसरं टोक धरायला वाकला.

"हात लावू नकोस."