कातरआक्काचा मांडव

कातरआक्का बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि त्याच्या हातातल्या कागदाकडे जास्त बघायची. वाण्याने पुडी बांधली, की तिचं लक्ष डाळीपेक्षा पुडीवर. "त्यो रंगीत कागद फेकू नका, भाऊ," असं ती दरडावायची आणि वाणीही मुकाट्याने कागद तिच्या हवाली करायचा. कमरेला नाडीने बांधलेली कात्री कायम लोंबत असे. तिचं खरं नाव नेकनूरजवळच्या आमच्या त्या गावात फार थोड्यांना ठाऊक असेल.

बीडहून डेकोरेशनवाला आणायची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांचा लग्नमांडव आक्का सजवायची. ऐपत नसलेले म्हणजे जवळजवळ आम्ही सगळेच. जुन्या साड्यांच्या काठांच्या झालरी, कापसाच्या बोंडांच्या माळा, बाजरीच्या कणसांचं तोरण. पण तिचा खरा जीव जुन्या लग्नपत्रिकांपासून केलेल्या फुलांत. पत्रिकेवर गणपती असतो, ती कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. मग लोक गठ्ठेच्या गठ्ठे आक्काच्या ओट्यावर आणून ठेवत. ती आधी गणपती कापून बाजूला काढायची, ते अनंत चतुर्दशीला विहिरीत सोडायची. वधूवरांच्या नावांवरून मात्र तिची कात्री कधी चालली नाही. नावांची पट्टी ती आख्खी ठेवून फुलाच्या पोटात दुमडायची.

"कावून गं आक्का?" मी लहानपणी विचारलं होतं.

"जोडलेली नावं तोडू न्हाई, माय," ती म्हणाली. "तुटल्यावर कसं वाटतंय ते मला इचार."

तिला नवऱ्याने नांदवलं नाही. लग्नानंतर वर्षाच्या आतच माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. अशा बाईने शुभकार्यात समोर येऊ नये, हे तिला कुणी तोंडावर सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सांगायची वेळच ती येऊ देत नसे. हळदीची गडबड सुरू झाली, की टेबलावरून उतरायची, पदराला हात पुसायची आणि "चला, माजं झालं" म्हणत मागच्या बोळाने घरी. तिचं ताट झाकून पाठवलं जाई. सगळ्या गावाच्या पंगती तिच्या झालरींखाली उठल्या आणि ती चुलीपुढे एकटी जेवली. मला त्याचा फार राग यायचा.

माझ्या लग्नात ती पंगतीला बसणार, असा मी हट्टच धरला. आई ब्लाऊज शिवून घर चालवायची, तेव्हा मांडव आक्काचाच होता. "तू बसली न्हाईस तर मीबी जेवणार न्हाई," मी तिला बजावलं.

"बसते की गं," ती म्हणाली आणि हळदीच्या आधी नेहमीसारखी गायब झाली. भावाला बोलवायला पाठवलं, तर आतून कडी.

त्यात भर म्हणून उन्हाने कागदी फुलांची खळ सुटली. ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाच्या डोक्यावर टांगलेलं मोठं फूल उलगडलं आणि आतून कुण्या भलत्याच जोडप्याची नावं खाली लोंबू लागली. नवरदेवाच्या मामांनी चष्मा लावून ती खणखणीत आवाजात वाचली आणि ते भडकले, "आवो, हे कोणाचं लगीन लावायलाव तुमी?" आईचा चेहरा पडला. पण मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा मांडव हसायला लागला, अगदी मामासुद्धा. मीही हसत हसत आक्काकडे बघायला वळले आणि ती तिथे नाही हे तेव्हा आठवलं. भरल्या मांडवात मला एकदम एकटं वाटलं.

पुढे गावात भाड्याच्या कमानी आल्या, प्लास्टिकची फुलं आली, पत्रिका मोबाइलवर यायला लागल्या. आक्काला कुणी बोलवेना.

ती जाण्याआधीची आमची शेवटची भेट एका दुपारची. एसटीतून उतरून थेट तिच्याकडे गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झालरी, माळा, तोरणं. मोकळी जागा म्हणून राहिली नव्हती.

"कोणाचं लगीन हाय गं?"

"कोणाचंबी न्हाई. हाताला उगं बसवंना." मग स्वतःच हसली. "मांडव तर घातलाय. मानसं कवा येतेत, बघायलेय."

मला हसू येईना. चुलीजवळ भाकरी-पिठलं झाकलेलं होतं. मी दोन ताटं वाढली, घराच्या मधोमध मांडली आणि तिला हाताला धरून बसवलं. "मी मागून जेवते," ती पुटपुटली. मी हात सोडला नाही.

तिने घास मोडला, वर बघितलं आणि हात तसाच थांबला. जन्मभर तिने आपलं काम टेबलावर उभं राहून बांधता बांधताच पाहिलं होतं.

"खाली बसल्यावर असं दिसतंय व्हय?"

"असंच दिसतं, आक्का."

"लई चांगलं दिसतंय की गं." दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल बोलावं तसं ती बोलली. बराच वेळ वरच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इतक्या पंगती उठल्या. मला कुनी सांगितलं न्हाई कदी."