कळ नवी का जुनी?

गोणी खाली टाकली की आमच्यातला म्हातारा हमाल, काका, दोन्ही हात कमरेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, "कोण गं तू? नवी का जुनी?"

कर्जतला भातगिरणीत हमालीला लागलो त्या दिवशी मी हे पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, ह्या वयात! बाई कुठं दिसते का म्हणून गिरणीच्या मागं जाऊन आलो. नुसता कोंड्याचा ढीग. मग कळलं, काका कमरेतल्या कळेशी बोलतो.

तेव्हापासून माझा त्याच्यावर डोळा. तुमीच सांगा, तुमाला शंका आली नसती? जुनी कळ ठणकत असली तरी हा उठायचा, हळूहळू गोण्या वाहायचा. आणि काही दुखत नसलं की सावलीतल्या दगडावर जाऊन बसायचा. सगळं उलटं. मी मुकादमाला म्हटलं, "म्हातारा कामचुकार हाय." तो म्हणाला, "मग लाव शोध." मला कुणी एवढं डोक्याचं काम सांगत नाय, म्हणून लगेच लागलो.

संध्याकाळी कंबर धरून निघालेला काका घरी जायचा सोडून नदीकडं वळला. मी मागं. काठाकाठानं झपाझप चालतोय गडी! पकडला, म्हटलं. अजून नीट दिसावं म्हणून करवंदीच्या जाळीत शिरलो आणि अडकलो. पुढं जाता येईना, मागं येता येईना. काका वळून न बघताच बोलला, "काटा घुसला का रं? ती नवी. तिथंच थांब, हलू नको."

काटे त्यानंच काढले. म्हणाला, "जुनीला मात्र रोज फिरवून आणायची. घरात बसली की माजते. आणि ती निजलेली असली की आपणच घटकाभर बसायचं, मुद्दाम उठवायची नाय."

माझा विश्वास नाय बसला.

पुढं एकदा बाया बघतात म्हणून मी दोन गोण्या एकदम उचलल्या. कमरेत कळ आली, आडवाच झालो. डॉक्टरनं थोडा आराम सांगितला. मला तो आवडला, मी वाढवत नेला. एक दिवस काका दारात.

"उठ."

"दुखतंय काका."

"दुखंल. नवी होती तवा झोपलास, बरं केलंस. आता ती पाव्हणी नाय राहिली. चल, अंगणापर्यंत."

आतून बायको म्हणाली, "एक नाटक्या कमी होता का घरात?"

मला वाटलं, ह्याला मुकादमानंच पाठवलाय. शिव्या देत चाललो. पण चाललो.

मग सुगीतली ती दुपार. काकानं गोणी टाकली. हात कमरेवर गेला नाय, छातीवर गेला. "कोण गं तू?" थांबला. परत विचारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "वळखीची नाय रं ही."

सगळे हसले. मुकादम म्हणाला, "झालं सुरू."

मी पण हसणार होतो. पण काका बसला तो भर उन्हात, खाली मातीत. नाटक करणारा माणूस सावली बघून करतो, हे मला माझ्यावरून माहीत. टेंपोत घातला आणि दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाला, हृदयाचं हाय, वेळेत आणलंत.

वाचला. पण ओझं बंद. लेक खालापूरला घेऊन गेली.

परवा मी त्याच्या दगडावर बसलो होतो. मुकादम लांबूनच ओरडला, "काय रं, कंबर दुखतीय का?"

"नाय."

"मग बसलास कशाला?"

"नाय दुखत म्हणून."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काकाकडं बघायचो. मग नव्या हमालाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.